जमिनीत आधी काय आहे, ते पाहा
वाचकांचे प्रश्न

स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर स्थानिक झाडे-झुडपे आणि गवते परत कशी आणावीत, याविषयी गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘काय लावू?’ हाच प्रश्न होता. त्यातली सदिच्छा मनापासून आवडली; परंतु माझ्या अनुभवाने तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्या जमिनीत आज काय जिवंत आहे आणि त्याला वाढण्यापासून कोण अडवते आहे, हा पहिला प्रश्न. पुढची उत्तरे याच क्रमाने वाचावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर वरकस (भातशेतीची नसलेली, डोंगरउताराची) जमीन आहे. घरातले सगळे मुंबईत असतात. आठ वर्षांपूर्वी चुलत्यांनी तिथले जंगल ठेकेदाराला तोडायला दिले होते. आता वाटणीत ती जमीन माझ्याकडे आली असून येत्या पावसाळ्यात तिथे स्थानिक जातींची एक हजार रोपे लावण्याचा विचार आहे. कोणती रोपे घ्यावीत?
— एक वाचिका, मुंबई

उत्तर : यंदा एकही रोप विकत घेऊ नका. त्याऐवजी नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दोन दिवस सवड काढून गावी जा आणि झाडांची नावे सांगू शकेल अशा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन जमिनीचा कोपरा न् कोपरा पायाखाली घाला. कोकणातले बहुतेक खासगी जंगल सात-आठ वर्षांच्या फेऱ्याने तोडले जाते. तोड झाली तरी मुळे जमिनीतच राहतात आणि ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ ही झाडे खुंटावरून पुन्हा फुटतात. आठ वर्षांपूर्वी तोडलेल्या किंजळीचा खुंट जवळून पाहिलात, तर काळ्या पडलेल्या लाकडाभोवती मनगटाएवढे सहा-सात फुटवे गोलाकार उभे दिसतील. त्यांच्याखाली कदाचित पन्नास वर्षांची मुळे आहेत. नर्सरीतल्या पिशवीत वाढलेल्या फूटभर रोपाला तो जोम यायला किती वर्षे लागतील, याचा विचार करा. चार एकरांत असे दोन-तीनशे खुंट जरी सापडले, तरी तुमचे निम्मे जंगल आधीच लागलेले आहे असे समजा.

खुंट मोजून झाले की करवंदाच्या जाळ्या पाहा. त्या साफ करून घेण्याचा सल्ला तुम्हांला बरेच जण देतील. तो मानू नका. मोठी जाळी हलकेच बाजूला सारून आत पाहिले, तर तिथे बहुधा जांभळाचे, कुंभ्याचे किंवा एखाद्या वेलाचे कोवळे रोप सापडते. करवंदे खायला आलेल्या पक्ष्या-प्राण्यांनी टाकलेले बी तिथे रुजते, काट्यांमुळे गुरांचे तोंड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि उन्हाळ्यातही मुळाशी थोडी ओल टिकते. मला जंगल वाढवण्याची इतकी स्वस्त दुसरी रीत माहीत नाही, आणि तरीही पहिला कोयता चालतो तो याच जाळीवर.

आता अडवणारे कोण, ते पाहू. तुमच्या भागात पहिला शत्रू वणवा. कोकणात तो आपोआप लागल्याचे मी पाहिलेले नाही. नवे गवत चांगले फुटावे म्हणून कोणी पेटवतो, कोणाच्या हातून विडी पडते, कोणाचा राब, म्हणजे भाताची रोपे करण्याची जागा, भाजताना विस्तव बाहेर जातो. आणि शिमग्याच्या सुमारास डोंगर रात्रीचे पेटलेले दिसतात. खुंटाला पुन्हा फूट येते, मात्र बियांपासून उगवलेली एक-दोन वर्षांची रोपे संपतात, म्हणजे नवी पिढीच नाहीशी होते. म्हणून रोपांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा जाळरेषेवर खर्च करा. जमिनीच्या कडेने दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा डिसेंबरात गवत कापून, झाडून मोकळा करावा. पुष्कळ जण एवढ्यावर थांबतात आणि तिथेच फसतात, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन तोच पट्टा वाळलेल्या पानांनी भरून जातो. तो दुसऱ्यांदा झाडून घेतला नाही, तर पहिल्या वेळचे श्रम वाया गेले असे समजा. हे काम गावातल्या माणसाला मजुरी देऊन सोपवावे. ज्याला तुमच्या रानातून दरवर्षी काही मिळते, तोच आग पाहिल्यावर धावत जातो.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांमुळे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी गेले. तुमच्या जमिनीलाही पहिली तीन वर्षे दोन्ही पाळा. कंपाऊंडची घाई नको. जांभ्या दगडाचा जुना गडगा (कुंपणाची बुटकी भिंत) असेल तर त्याची पडझड दुरुस्त करा, आणि गुरे सोडणाऱ्या घरांशी स्वतः जाऊन बोला. खुंटावर फुटव्यांची फार दाटी असेल, तर दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढल्याने उरलेले लवकर उंच होतात. मात्र ऐन, किंजळ यांच्या तोडीला कायद्याचे बंधन असल्यामुळे आधी आपल्या भागातील वनपालांना विचारून घ्यावे.

दोन-तीन पावसाळे गेल्यावर काय आपोआप आले आणि काय आले नाही, हे तुम्हांलाच दिसेल. वारंवारच्या तोडीत पऱ्याकाठची (ओढ्याकाठची) सावलीतली झाडे बहुधा हरवलेली असतात. तिथे सुरंगी, बकुळ, सीता अशोक, कोकम यांची चाळीस-पन्नास रोपे लावावीत. मोकळ्या उतारावर उंबर, पायर अशी फळे देणारी पाच-सहा झाडे पुरेत, कारण पक्षी त्यांच्यावर बसले की पुढचे बियाणे तेच आणून टाकतात. तुमच्या मनात एक हजारांचा आकडा होता, त्याच्या जागी पन्नास आल्याने हिरमुसू नका. मी स्वतः उमेदीच्या काळात मावळातल्या एका उतारावर सहाशे रोपे लावली होती, सगळी स्थानिक जातींची, यादी तपासून घेतलेली. खड्डे घेताना मजुरांनी आधीची झुडपे कापून ‘जागा स्वच्छ’ केली आणि मी त्यांना थांबवले नाही. तिसऱ्या वर्षीच्या वणव्यानंतर त्यांतली फार थोडी उरली. आज त्या उतारावर जे रान आहे, ते बव्हंशी कापूनही न मेलेल्या झुडपांचे आहे.

उत्पन्नाचा मुद्दा तुम्ही पत्रात काढलेला नाही, पण घरातले कोणीतरी काढीलच. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन फार थोडी आहे आणि तिथले रान मुख्यतः तुमच्यासारख्यांच्या सातबारावर उभे आहे. ठेकेदाराचे पैसे हाच त्याचा आजवरचा मोबदला. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीत खासगी जंगलमालकांशी न तोडण्याचे करार करून त्यांना मोबदला देण्याचा मार्ग चालवला आहे, आणि भीमाशंकर परिसरात हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड हे रानातून जपून केलेल्या गोळाबेरजेचे प्रमाणपत्र मिळवून झाड उभे ठेवून पैसे मिळतात हे दाखवले आहे. भाऊबंदांची समजूत घालताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

प्रश्न : सुपे परिसरात आमचे दहा एकर माळरान पडीक आहे. मुरमाड जमीन, पाऊस कमी, कुसळ सोडून काही येत नाही. एक संस्था दोन हजार रोपे फुकट द्यायला तयार आहे. त्यांत गिरिपुष्प, करंज, वड, पिंपळ अशी झाडे आहेत. ठिबकची सोयही ते करणार आहेत. होकार द्यावा का?
— एक शेतकरी, ता. बारामती, जि. पुणे

उत्तर : नम्रपणे नकार द्यावा. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, तरीही द्यावा.

‘पडीक’ हा शब्द महसुली दप्तरातला आहे. जमिनीचे ते वर्णन नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा माळ म्हणजे पूर्वीचे जंगल तुटून उरलेला सांगाडा आहे, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. मात्र तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या आणि लोकपरंपरेत आलेले रानवनस्पतींचे उल्लेख एकत्र करून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की त्यांतल्या बऱ्याचशा वनस्पती उघड्या, गवताळ, काटेरी झाडांच्या प्रदेशातल्याच आहेत. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे माळच होता. तुमच्या शेजारचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, आणि चिंकारा हा उघड्या रानाचा प्राणी. धाविक, माळटिटवी आणि चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खोकड आणि लांडगा याच मोकळ्या रानात शिकार करून जगतात. दोन हजार झाडांची सावली पडली की गवत जाते आणि गवताबरोबर हे सगळे निघून जातात. त्यांना दुसरीकडे जायला जागा फारशी उरलेली नाही.

ज्या कुसळीला तुम्ही कंटाळला आहात, तिचे एक बी उन्हाळ्यापूर्वी हातात घेऊन पाहा. टोकाशी सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागच्या बाजूला दोन-तीन इंच लांब पीळदार शेपूट. तळहातावर पाण्याचा एक थेंब टाकून त्यावर ते ठेवले, तर शेपटाचा पीळ सुटू लागतो आणि बी गिरमिटासारखे फिरते. पहिल्या पावसात माळावर हेच घडते. ओल लागली की बी फिरते, वाळले की पुन्हा पिळले जाते, आणि मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढेच सरकत जाऊन कठीण मुरमात शिरते. त्या जमिनीला साजेलशी नांगरट हे गवत स्वतःच करत असते.

नुसती कुसळीच शिल्लक असणे, हे मात्र अतिचराईचे लक्षण आहे, आणि तिथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे. मारवेल, पवना, शेडा, डोंगरी ही चांगल्या चाऱ्याची गवते जनावरे आधी खातात, म्हणून तीच आधी संपतात. बांधाच्या कडेला, रस्त्याच्या कडेच्या चरात, रेल्वेच्या हद्दीत, काटेरी झुडपांच्या बुडाशी ती अजून सापडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी हाताला लागताच झडू लागले की गोळा करावे, सावलीत वाळवावे, कापडी पिशवीत ठेवावे आणि पुढच्या जूनमध्ये जमीन न नांगरता, फक्त काट्याच्या फांदीने वरवर ओरखडून विस्कटावे. मारवेल ठोंबांपासूनही सहज लागते. विलायती बाभूळ आली असेल, तर ती वरून तोडण्यात अर्थ नाही. पहार लावून बुडाच्या गाठीसकट काढावी लागते. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे.

चराईविषयी माझे मत काही निसर्गप्रेमींना पटत नाही, पण सांगतो. माळ आणि जनावर यांचा संबंध फार जुना आहे. कायमची चराईबंदी केली तर जुने वाळके गवत साचून नव्याला जागा उरत नाही आणि आगीचा धोकाही वाढतो. पहिले दोन पावसाळे पूर्ण बंदी ठेवा. त्यानंतर दहा एकरांचे तीन भाग करून पावसाळ्यात आळीपाळीने एक भाग पूर्ण मोकळा सोडा, आणि बी झडून गेल्यावर गवत कापून घ्या किंवा तुमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या धनगरांची मेंढरे त्यावर बसवा. लेंडीखताचा लाभ तुम्हांला ठाऊक आहेच. झाडांची हौस असेल तर हिवर, बोर, मेडशिंग आणि झुडपांत तरवड, हेकळ यांची जी रोपटी आपोआप उगवली आहेत, त्यांतली एकरी पाच-सात राखावीत. त्यांना ठिबक लागत नाही. संस्थेला दुखवायचे नसेल, तर वड-पिंपळाची दहा रोपे घेऊन घरापाशी किंवा गावाच्या पाणवठ्यावर लावा.

प्रश्न : मुळशी भागात घेतलेल्या अर्ध्या एकरात गिरिपुष्पाची दाट झाडी आहे आणि कडेने घाणेरी माजली आहे. जेसीबीने एका दिवसात साफ करून देतो, असे एका ठेकेदाराने सांगितले. करून घ्यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. जेसीबी परदेशी झाडांबरोबर त्यांच्याखाली आलेली स्थानिक रोपेही काढील, वरची माती उलटीपालटी करील, आणि पहिल्या पावसात त्या उघड्या जागेवर रानमोडी आणि गाजरगवत हजर होईल. एक तण काढून दुसरे बोलावण्याचा हा खर्चिक प्रकार आहे.

अर्ध्या एकराचे चार पट्टे करा आणि दरवर्षी एकच पट्टा हातात घ्या. गिरिपुष्प, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो, हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड आहे. त्याला फेब्रुवारीत फुले येतात आणि उन्हाळ्यात शेंगा तडकून बी दूर उडते, म्हणून शेंगा पिकण्याआधी तोडलेली बरी. तोड जमिनीलगत करावी. पावसाळ्यात बुडाला भराभर फूट येईल. ती दर महिन्याला हाताने मोडत राहावी लागते. दोन-तीन वर्षे सातत्य ठेवले तर मुळातला साठा संपून झाड मरते. एक पावसाळा जरी खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. तोडलेला पाला उत्तम हिरवळीचे खत आहे, शेजारी भातखाचरे असतील तर शेतकरी आनंदाने नेतील. मात्र ओल्या फांद्या जमिनीवर टाकून ठेवू नका, त्यांना मुळे फुटतात.

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली पद्धत मी वापरली आहे आणि ती चालते. झुडूप वरून छाटल्यास दुप्पट जोमाने फुटते, कारण फुटण्याची शक्ती खोड आणि मूळ यांच्या सांध्यात असते. म्हणून जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन इंचांवर कुदळीने मुख्य मूळच तोडायचे आणि सुटलेले झुडूप जागच्या जागी उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवायचे. ते तसेच वाळून जाते. घाणेरी बुलबुलांनी आणि मुनियांनी घरटी बांधण्यासाठी धरलेली असेल, तर विणीचा हंगाम संपेपर्यंत हात लावू नये. जिथून ती काढाल तिथे लगेच स्थानिक गवताचे बी टाका किंवा धायटी, कुडा अशी चिवट झुडपे लावा. रिकामी जागा ठेवू नका.

प्रश्न : आमच्या बागेतले गुलमोहर, काशीद, पर्जन्यवृक्ष परदेशी आहेत असे कळले. ते तोडून टाकावेत का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : तोडू नयेत. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, काशीद आग्नेय आशियातला, हे खरे; परंतु बागेतले एखादे जुने झाड आणि डोंगर व्यापणारी रानमोडी यांत फरक केला पाहिजे. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आला आणि सीताफळही अमेरिकेतलेच, म्हणून ती कोणी उपटत नाही. वादळात पडून जागा रिकामी झाली, की तिथे बहावा, तामण किंवा पांगारा लावा. शिवाय नाशिक शहराच्या हद्दीत कोणतेही झाड तोडण्यासाठी १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

प्रश्न : राजापूरच्या सड्यावर आमचा दोन एकर कातळ आहे. भावाचे म्हणणे, सुरुंग लावून खड्डे पाडू, बाहेरून माती आणून हापूस लावू. मला वाटते स्थानिक झाडांचे जंगल करावे. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी

उत्तर : सड्याच्या बाजूने बोलायचे तर दोघांचेही नाही. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्या कातळावर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. तिथे झाडांचे जंगल पूर्वी नव्हते आणि आताही होणार नाही. तरीही ती जागा रिकामी नाही. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती कोकणातल्या अशा सड्यांखेरीज जगात कुठे आढळत नाही. श्रावण-भाद्रपदात पाणी साचलेल्या उथळ जागी ‘सीतेची आसवे’ या फुलांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. या इवल्या रोपाला पाण्याखाली बारीक फुगे असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव पकडून खाते, कारण त्या कातळात त्याला पुरेसे नत्र मिळत नाही. दवबिंदू, गेंद, तेरडा, सोनकी ही त्याची शेजारीण मंडळी. ऑक्टोबर सरला की सगळे वाळते आणि मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला तो निर्जीव वाटतो. जमिनीचा निवाडा मे महिन्यात करू नये.

सड्यावर मुरलेले पाणीच खालच्या वाडीच्या विहिरींना आणि पऱ्यांना मिळते. शिवाय तुमच्याच तालुक्यात सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ साली समावेश झाला. सुरुंगाआधी, एखादा पावसाळा पडून गेल्यावर, झाडूने धूळ-माती बाजूला करून कातळ नीट पाहून घ्या.

सड्याचे पुनरुज्जीवन म्हणजे बहुतेक वेळा त्याला हात न लावणे. चिरेखाण नको, बाहेरची माती नको, वाहनांची वाट शक्यतो एकच. पावसाळ्यात साचणारी डबकी बुजवू नका, त्यांत बेडकांची पिल्ले वाढतात. बाहेरून आलेले आकेशियाचे रोप दिसले तर लहानपणीच उपटा. भावाचे मन मोडायचे नसेल, तर कडेला जिथे माती हात-दीड हात खोल आहे तिथे त्याला आंब्याची दहा कलमे लावू द्या. बाकीचा कातळ तसाच राखण्याचे वचन मात्र त्याच्याकडून घ्या.

प्रश्न : स्थानिक झाडांची रोपे नर्सरीत मिळत नाहीत. बियांपासून घरी करता येतील का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : अवश्य, आणि शाळेतल्या मुलांना घेऊन केलीत तर फारच उत्तम. फक्त प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा आहे. जांभूळ, मोह यांचे बी वाळवून ठेवले की मरते. फळ खाल्ले, गर धुतला, की आठवड्याभरात पेरायचे. याउलट बहाव्याचे बी इतके कठीण कवचाचे असते की उकळून किंचित निवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय किंवा एका कडेला दगडावर घासल्याशिवाय त्यात पाणी शिरत नाही. हिरड्याचे बी पेरून दोन महिने काही दिसले नाही म्हणून वाफा मोडणारे पुष्कळ आहेत. त्याला सवडीने उगवू द्यावे लागते. कोकमाची बियांपासूनची सुमारे निम्मी रोपे नर निघतात. बागायतदार ती काढतो, आपण मात्र ठेवावीत, कारण रानाला दोन्ही हवीत.

बी एकाच झाडाखालून पोतेभर आणू नका. आपल्याच खोऱ्यातल्या पंधरा-वीस वेगवेगळ्या झाडांखालून मूठ-मूठ घ्या, म्हणजे पुढच्या पिढीत विविधता राहील. आणि निम्म्याहून अधिक बी जागेवरच सोडा. देवराईतून बी घेण्याआधी गावकऱ्यांना आणि गुरवाला विचारावे, काही देवरायांतून काडीही बाहेर नेत नाहीत. रोप पिशवीत एका पावसाळ्याहून जास्त ठेवले तर मूळ तळाशी गोल फिरून गुंता होतो आणि ते झाड पुढे कधी नीट उभे राहत नाही. म्हणून जिथे राखण शक्य आहे तिथे थेट बी टोकणे मला अधिक पसंत आहे.

प्रश्न : रान वाढवले तर सरकार जमीन ‘वन’ म्हणून ताब्यात घेईल, असे गावात सगळे म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, ता. कर्जत, जि. रायगड

उत्तर : ही भीती निराधार नाही, म्हणून तिची चेष्टा करू नये. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी कायद्याच्या व्याख्येत बसणारी खासगी वने शासनाकडे गेली आणि त्यातून निघालेले वाद अनेक घरांनी पिढ्यान् पिढ्या भोगले. तो कायदा त्या दिवशीच्या स्थितीविषयी आहे. आज तुम्ही वाढवलेल्या झाडीला तो आपोआप लागू होत नाही. तुमच्या सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात ‘खासगी वन’ किंवा तत्सम नोंद आहे का, जुने फेरफार काय सांगतात, हे वकिलाकडून एकदा वाचून घ्या.

दुसरी गोष्ट वापराची, म्हणजे त्या जमिनीवर पुढे बांधकाम वगैरे करता येण्याची. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच मानावे असे म्हटले. वनसंरक्षण कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती कमी केली आणि तो वाद पुन्हा न्यायालयात गेला. म्हणून माझा व्यवहारी सल्ला असा, की पुढेमागे जिथे घर किंवा गोठा बांधायचा आहे, तेवढा तुकडा आधीच आखून मोकळा ठेवा आणि बाकीचे रान निश्चिंतपणे वाढवा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मुळे हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, मोह, चिंच, आंबा, फणस अशी ठरावीक झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाढत्या रानाच्या मालकाला ही अडचण वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : रान वाढू दिल्याने साप आणि रानडुकरे वाढली, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. त्यांना काय सांगू?
— एक वाचक, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर

उत्तर : सांगण्याआधी त्यांच्या शेताची बाजू समजून घ्या, कारण रात्रीत भात लोळवलेला पाहणाऱ्याला पर्यावरणाची व्याख्याने रुचत नाहीत. शेताला लागून पंधरा-वीस फुटांचा पट्टा झुडपांविना, फक्त गवताचा ठेवा आणि तो वेळच्या वेळी कापा; जनावराला उघड्यावरून जावे लागते आणि माणसालाही पायाखालचे दिसते. रानडुकराने नुकसान केल्यास वनखात्याकडून भरपाई मिळते. पंचनाम्यासाठी अर्ज करायला शेजाऱ्याला तुम्ही स्वतः मदत करा.

प्रश्न : या सगळ्याला किती वर्षे लागतील? माझे वय एकसष्ट आहे.
— एक निवृत्त वाचक, ता. आजरा, जि. कोल्हापूर

उत्तर : आग आणि चराई थांबवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गवत बदलते. तिसऱ्या वर्षी फुलपाखरे आणि छोटे पक्षी वाढल्याचे कोणाच्याही लक्षात येते, आणि खुंट चांगले असतील तर आठ-दहा वर्षांत फांद्या एकमेकींना भिडून खाली सावली धरते. ते तुम्ही नक्की पाहाल. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी लागणारी ढोली मात्र खूप जुन्या, पोकळ होत चाललेल्या झाडातच असते, आणि ती आपल्यापैकी कोणाच्याच आयुष्यात नव्याने तयार होणार नाही. तुमच्या पत्रात विहिरीजवळच्या एका प्रचंड बेहड्याचा उल्लेख आहे, ज्याची वाळकी फांदी धोकादायक म्हणून झाडच काढावे असे गडी म्हणतो. फक्त ती फांदी उतरवून घ्या. खोड तसेच उभे राहू द्या, आणि त्याच्याखाली पडणाऱ्या फळांतली थोडी दरवर्षी उचलून पलीकडच्या उतारावर टोका.